फोर्ट–काळा घोडा भागात दुपारच्या निवांत जेवणासाठी जागा सुचवा (आई आणि मी, दोघींचं २००० पर्यंत)

आंबटगोड:
नमस्कार मंडळी. पुढच्या गुरुवारी आईला सत्तर पूर्ण होतायत. ती फोर्टात एका बँकेत ३१ वर्षं होती. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, दुपारी लेजर बाजूला सारून त्याच टेबलावर डबा, संध्याकाळी परत फास्ट. आजूबाजूच्या हॉटेलांच्या पाट्या तिला अजून पाठ आहेत, आत मात्र एकदाही गेलेली नाही. म्हणून त्याच भागात तिला एकदा ऐसपैस जेवायला न्यायचंय. कापडी नॅपकिन, काचेचा ग्लास, आणि शेवटचा घास घेताना टेबल पुसायला कुणी येणार नाही अशी जागा.

आई शाकाहारी. केकमधलं अंडं चालतं. गुडघ्यांमुळे जिना नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला कानाचं यंत्र आहे. गोंगाट असला की ती ते काढून पर्समध्ये टाकते आणि मग नुसती सगळ्यांकडे बघून हसत बसते. ते मला नकोय, बोलायचंय तिच्याशी.

बुफे नको. आणि कुणी विचारायच्या आत सांगते, गुरुवारचा उपास नसतो.

खवय्या_नंबर_एक:
बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. विषय संपला. १९२३ पासूनचं इराणी हॉटेल. बेरी पुलाव, साली बोटी, वर कॅरमल कस्टर्ड. पुलावातली ती आंबट लाल बेरी इराणची, झरेश्क म्हणतात तिला. मी कमीत कमी चाळीस वेळा गेलोय.

ताकपिती:
काकू शाकाहारी आहेत हो. साली बोटीत मटण असतं.

खवय्या_नंबर_एक:
व्हेज बेरी पुलाव पण मिळतो तिथे. माहिती घेऊन बोलावं.

जुनाजाणता:
आज समोवार असतं तर हा धागा काढायची वेळच आली नसती. जहांगीर आर्ट गॅलरीतलं ते लांबट, बोगद्यासारखं कॅफे. एका बाजूला म्युझियमची हिरवळ, हातात पुदिन्याचा चहा, शेजारच्या टेबलावर कुणी चित्रकार उधारीवर बसलेला. १९६४ ला सुरू झालं, २०१५ ला बंद. आम्ही एका चहावर अडीच तास काढायचो आणि कुणी 'उठा' म्हणायचं नाही. आता कॅफेत शिरलं की आधी वायफायचा पासवर्ड विचारतात.

तिरकस:
बंद पडलेलं हॉटेल सुचवल्याबद्दल आभार. काकूंना घेऊन २०१५ च्या आधी कसं जायचं तेही सांगा.

जुनाजाणता:
तुमच्या पिढीला उपरोध सोडून काही येत नाही.

गोदाकाठची:
आईला बाहेरचं काय कौतुक? घरीच छान पुरणपोळी करा, सगळे जमा, गप्पा मारा. माझ्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही तसंच केलं. चाळीस माणसं होती, घरच्या घरी.

आंबटगोड:
@गोदाकाठची, आमच्याकडे पुरणपोळी आईच करते. म्हणजे वाढदिवसाला पुरण तिनेच वाटायचं.

दक्षिण_मुंबईकर:
सत्तरी एकदाच येते. ताजचं सी लाउंज. पहिला मजला आहे, पण लिफ्ट आहे. खिडकीजवळचं टेबल मागून घ्या, समोर गेटवे आणि बोटी. शांत म्हणजे किती, तर चमचा खाली ठेवला तरी ऐकू येतो. आम्ही आमच्या लग्नाच्या पंचविसाव्याला गेलो होतो, आणि तिसाव्याला.

हिशेबी:
दोघींचे २००० असं शीर्षकातच लिहिलंय. शिवाय ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० च्या वर असतं, तिथे जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, साध्या हॉटेलात ५ टक्के. म्हणजे २००० मधले तीनशे तर सरकारच जेवणार.

दक्षिण_मुंबईकर:
आईच्या बाबतीत टक्केवारी काढणारे लोक मला कळत नाहीत.

फोर्टातला_कारकून:
मी याच भागात २२ वर्षं नोकरी करतोय, म्हणून थोडं सांगतो. जागा कुठलीही घ्या, वेळ बाराची घ्या. फोर्टात एक ते अडीच ऑफिसं सुटलेली असतात, तेव्हा चांगल्यातली चांगली जागा दादर स्टेशन होते. बाराला स्वयंपाकघर नुकतं लागलेलं असतं, वेटर ताजेतवाने असतात, हवं ते टेबल मिळतं. एकच्या लाटेआधी तुमचं मुख्य जेवण झालेलं असेल. किंवा मग सरळ अडीचनंतर जा, पण फोन करून विचारा, काही ठिकाणी तीनला स्वयंपाकघर बंद करतात. आणि फोनवर 'जिना आहे का' असं विचारू नका, 'दारापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती' असं विचारा. जिना नाही म्हणतात आणि दारातच तीन पायऱ्या निघतात. फोर्टातल्या जुन्या इमारतींचं जोतं उंच असतं.

काळा घोड्याला रोपवॉक लेनमध्ये काळा घोडा कॅफे आहे, ते बघा. जागा छोटी आहे, पण बाराला निभेल.

मनमौजी:
+१ काळा घोडा कॅफे.

येऊरचा_वाघ:
+१. बाकी जुहूचं पृथ्वी कॅफे विसरलात सगळे. झाडाखाली बसायचं, आयरिश कॉफी घ्यायची. आम्ही ठाण्याहून जातो.

ताकपिती:
फोर्ट म्हटलंय ताईंनी. जुहू फोर्टात कधी आलं?

येऊरचा_वाघ:
मेट्रो झाली की आता. तीन नंबरची मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झालीये. सीएसएमटीला उतरून मेट्रोने पुढचं स्टेशन हुतात्मा चौक, तिकीट १० रुपये. टॅक्सीला कशाला ३१ घालवायचे?

फोर्टातला_कारकून:
एका स्टेशनासाठी जमिनीखाली उतरायचं, तपासणी, परत वर यायचं. तेवढ्यात टॅक्सी पोहोचून परत येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टॅक्सीच बरी.

येऊरचा_वाघ:
लिफ्ट आहेत सगळीकडे.

फोर्टातला_कारकून:
आहेत. पण आपल्याला हव्या त्या फुटपाथवर निघतात असं नाही.

(यापुढचे मेट्रोवरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)

पोह्यावर_शेव:
ताडदेवचं स्वाती स्नॅक्स. पानकी खाऊन बघा. तांदळाच्या पिठाचा पातळ थर केळीच्या पानात मिटून भाजतात, पान उलगडलं की पानाच्या शिरांची नक्षी पानकीवर उमटलेली असते. शुद्ध शाकाहारी, १९६३ पासून आहे, बजेटमध्ये आरामात. फोर्ट नाही हे माहितीये, मारू नका.

कानसेन:
मी श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते. पदार्थ राहू देत, आधी खोली बघा. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, उघडं सिमेंटचं छत, लोखंडी खुर्च्या असं जे 'इन्स्टावाले' कॅफे असतं, ते तुमच्या आईसाठी सगळ्यात वाईट. आवाज शोषायला काहीच नसतं, सगळा परतून येतो. पडदे, गालिचा, गादीच्या खुर्च्या, टेबलावर कापड असलेली जुन्या वळणाची जागा शोधा. कॉफी दळायचं यंत्र आणि स्वयंपाकघराचं दार यांपासून लांब बसा, वर स्पीकर आहे का बघा.

आणि बसायचं कसं? बहुतेक यंत्रांचा माइक समोरचा आवाज जास्त घेतो. म्हणून आईची पाठ गर्दीकडे आणि तोंड तुमच्याकडे. तुमच्या मागे भिंत असेल तर उत्तम. आपण नेमकं उलटं करतो, म्हाताऱ्या माणसाला 'तू इकडे बस, तुला सगळं दिसेल' म्हणून भिंतीला टेकवतो आणि सगळ्या हॉटेलाचा आवाज तिच्या तोंडावर सोडतो. बऱ्याच यंत्रांत हॉटेलसाठी वेगळा प्रोग्रॅम असतो, तो असेल तर आधी सुरू करून घ्या.

आंबटगोड:
@कानसेन, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी आजवर तिला भिंतीलाच बसवत आलेय.

खवय्या_नंबर_एक:
ब्रिटानियात खुर्च्या लाकडी आहेत.

मनस्ताप:
जिथे जाऊ नये ती जागा सांगतो, तोही सल्लाच. फोर्टातल्याच एका गल्लीत आहे, निळ्या दाराची. नाव घेत नाही, उगीच भांडण नको. मित्राने फार कौतुक केलं म्हणून बायकोला घेऊन गेलो. आत शिरलो तर स्मशानशांतता. गाणं नाही, बजावणं नाही. खाली जाडजूड गालिचा, खिडक्यांना आजीच्या काळचे पडदे, टेबलं एकमेकांपासून एवढी लांब की कोण काय खातंय ते दिसत नाही, मग ऑर्डर काय द्यायची? अवघी आठ-नऊ टेबलं. वेटर एक, तोही पन्नाशीतला. दर वेळी वाकून हळू आवाजात विचारणार. सूप यायला पंचवीस मिनिटं, पुढचं यायला अजून पंचवीस. मला दोनला मीटिंग होती, तो आपला विचारतोय 'सर, वुई कॅन वेट फॉर द डेझर्ट'. नॉनव्हेज जवळपास नाहीच. आणि वर बिलात १० टक्के सर्विस चार्ज! एवढा वेळ लावल्याबद्दल त्यांनीच मला द्यायला हवे होते.

तिरकस:
सर्विस चार्ज दिलात? सक्ती करता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. सरळ 'काढा' म्हणायचं. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनला फोन, नंबर १९१५. मी आजवर चार ठिकाणी काढायला लावलाय.

दक्षिण_मुंबईकर:
चार ठिकाणी परत जाता येणार नाही, एवढंच ना.

हिशेबी:
आणि त्या सर्विस चार्जवरही जीएसटी लावतात, हे कुणी बघतच नाही.

मनमौजी:
+१ सर्विस चार्ज काढा. +१ काळा घोडा कॅफे.

आंबटगोड:
@मनस्ताप, त्या निळ्या दाराच्या जागेचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

मनस्ताप:
टाळायचं म्हणून विचारताय ना? केला.

जुनाजाणता:
जेवण झाल्यावर हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसवा आईला. दुपारीही सावली असते. आम्ही तिथे समोवारहून चालत जायचो.

(शुक्रवार)

आंबटगोड:
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. निळ्या दाराच्या जागी गेलो.

आधी फोन केला. 'दारापासून टेबलापर्यंत पायऱ्या किती' विचारल्यावर पलीकडचा माणूस 'एक मिनिट' म्हणून मोजायला गेला. एक पायरी, आणि तिला कठडा. बाराला पोहोचलो, आमच्याशिवाय फक्त एक गृहस्थ पेपर वाचत होते. आईला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ती म्हणाली, 'शिक्षा केल्यासारखी का बसवतेस?' मग कानसेनताईंचं सांगितलं, तर म्हणाली, 'बाईला कळतं.'

मेनू तिने पासबुक तपासावं तसा पहिल्या पानापासून वाचला. मश्रूमचं सूप, संत्र्याच्या फोडी घातलेलं बिटाचं सॅलड आणि पालक-चीजची रॅव्हिओली घेतली. रॅव्हिओली आली तेव्हा काट्याने एक उलटी करून खालून बघितली आणि म्हणाली, 'उकडलेली करंजी आहे ही. कड नीट दाबलीये पण, एकही फुटलेली नाही.' शेवटी लेमन टार्ट दोघींत एक. पंचवीस-पंचवीस मिनिटं खरंच लागली. त्या पन्नास मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की आईला १९९१ मध्ये प्रमोशनचं पत्र आलं होतं आणि बदली सोलापूरला होती म्हणून तिने ते ड्रॉवरमध्येच ठेवलं. मी तेव्हा पहिलीत होते. हे सांगताना तिचा आवाजही चढला नाही, कारण चढवायला लागतच नव्हता. यंत्र शेवटपर्यंत कानात होतं.

पदार्थ १७२० चे, सर्विस चार्ज १७२, जीएसटी धरून १९८७. (हिशेबी, तुमचं बरोबर आहे, सर्विस चार्जवरही लावला होता.)

मग हॉर्निमन सर्कल. तिथून बँकेची इमारत दिसते, पण आता तिथे दुसरंच काहीतरी आहे.

तिरकस:
सर्विस चार्ज काढायला लावला की नाही?

आंबटगोड:
मी तोंड उघडलं होतं. आई म्हणाली, 'गप्प बस. वेटरच्या पगारातून कापून घेतलेले पैसे परत मागायला तो कुठे जाणार आहे?' वर सुट्टे पन्नास ठेवले.

मनस्ताप:
म्हणजे मी एवढं सांगून तुम्ही तिथेच गेलात?

आंबटगोड:
एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. गालिचासुद्धा.

पोह्यावर_शेव:
मलाही नाव व्यनि करा. सासऱ्यांना ऐकू कमी येतं.

कानसेन:
मलाही. पेशंटना सांगायला.

मनमौजी:
+१

मनस्ताप:
करतो सगळ्यांना. पण मीटिंग असेल तर जाऊ नका.

खवय्या_नंबर_एक:
ब्रिटानियाला जायला हवं होतं.