ईजीआर किती तापमानाला कमी करायचा?

वाळूज_टेस्टबेड: बाहेरची हवा 35 अंशांच्या वर गेली की ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) कमी करायचा, म्हणजे इंजिन तापत नाही, असं टीमचं मत. चाचणी कक्षात हवा 25 अंशांच्या आसपास, म्हणजे प्रदूषणाच्या प्रमाणपत्राला अडचण नाही. मला पटत नाही. जाणकारांनी सांगा, हे इंजिनाचं संरक्षण म्हणायचं का, की नियमातून पळवाट?

परभणीचा_कॅलिब्रेटर: नाही म्हणायचं. अरे, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी 40 च्या वरच पारा असतो. म्हणजे लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात दुपारभर नायट्रोजन ऑक्साइड वाढणार, आणि तो धूर जाणार बाजूच्या वस्तीत. जुलै 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने फोक्सवॅगनच्या खटल्यात हाच मुद्दा धरला: ईजीआर 15 ते 33 अंशांतच पूर्ण चालायचा. अचानक, गंभीर बिघाडाचा धोका असेल तरच ईजीआर कमी करायची सूट, आणि वर्षातला बहुतेक काळ लागू होणारी सूट तर चालतच नाही. अमेरिकेच्या नियमात निर्मात्याला अभियांत्रिकी विवेक वापरायची मुभा आहे, पण निर्णयामागचं कारण विचारलं तर लेखी द्यावं लागतं. तूही तसंच कर. हवेवर नको, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्रत्यक्ष तापमानावर मर्यादा ठेव. कूलंट कुठे धोक्यात जातं ते मोजून दाखव. रेडिएटर छोटा पडत असेल तर रेडिएटर बदला, सॉफ्टवेअर नको.

शेंद्र्याची_ताई: दादांशी सहमत. 43 अंशांवर पूर्ण लोडची चाचणी घ्यायला सांग, रेडिएटरवर धूळ बसलेली असताना. आकडे आल्याशिवाय त्या मर्यादेवर सही करू नकोस.