भट्टीवरच्या कामगारांना उन्हाळ्यात झिंकची गोळी सरसकट द्यावी का?

पाळीप्रमुख: ओतकाम विभाग, भट्टीपाशी ८ तासांची पाळी. घामावाटे खनिजं जातात, प्रतिकारशक्ती उतरते, म्हणून सगळ्यांना रोज झिंक आणि मॅग्नेशियम द्यायचा प्रस्ताव आलाय. पाकिटावर ‘झिंक सल्फेट २२० मिग्रॅ’ आहे. डोस ठीक आहे का? द्यायची कधी?

चिमूटभर: २२० हे क्षाराचं वजन झालं. त्यात निव्वळ झिंक सुमारे ५० मिग्रॅ. प्रौढांची रोजची गरज ८ ते ११, वरची मर्यादा ४०. काही आठवडे हा डोस चालला की आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन वाढतं. ते तांबं पकडून ठेवतं, आणि पेशी झडल्या की तांबंही शौचावाटे जातं. तांबं घटलं की रक्तक्षय, आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही कमी. प्रतिकारशक्तीसाठी गोळी घ्यायची आणि लढणाऱ्या पेशीच घालवायच्या!

घामात झिंक जातं किती? लिटरमागे सहसा १ मिग्रॅहून कमी. सोडियम मात्र अर्धा ते पावणेदोन ग्रॅम. भरून काढायचं ते हे.

नाडीठोका: सहमत. शिवाय उष्णतेत बिघाड सुरू होतो तो आतड्यात. रक्त कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, पेशींमधले सांधे सैलावतात आणि जिवाणूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष रक्तात झिरपतं. अंगभर दाह उठतो तो त्यामुळे. पाळीआधी अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत ही गळती आणखी वाढते, तेवढं आधी बंद करा.

खरा उपाय शरीराला उष्णतेचा हळूहळू सराव देण्याचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत पाळीच्या २० टक्केच वेळ, मग रोज २० टक्के वाढ. मुरलेला माणूस सुट्टीवरून परतला तर ५०, ६०, ८०, १०० टक्के असे चार दिवस. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, पण तासाला दीड लिटरच्या आत. नुसतंच पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं.

पाळीप्रमुख: आणि मॅग्नेशियम? ऑक्साइड आहे, ५०० मिग्रॅ.

चिमूटभर: त्यात निव्वळ मॅग्नेशियम ३०० मिग्रॅ. गोळ्यांतून ३५० ही मर्यादा, म्हणजे कागदावर बसतं. पण ऑक्साइड नीट शोषलं जात नाही, आतड्यात पाणी ओढतं. कोणाला पाळीतच जुलाब लागले तर घामाच्या जोडीला तेही पाणी गेलं. रक्ततपासणीत कमतरता दिसली त्यालाच, डॉक्टरांना विचारून, रात्री जेवणानंतर.

नाडीठोका: झिंकही कमतरता असेल त्यालाच, आणि जेवणासोबत, रिकाम्या पोटी मळमळतं. डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं चालू असतील तर झिंक त्या औषधाला बांधून ठेवतं, म्हणून औषध झिंकच्या किमान २ तास आधी. आणि भट्टीपाशी कोणी असंबद्ध बोलायला लागला तर तोंडाने काहीच देऊ नका, पॅरासिटामॉलही नाही, तो उष्माघात समजा, ताप नव्हे. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत मानेपर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं धरून.