हिवाळ्यात घरातली हवा पार कोरडी पडतेय, तुम्ही काय करता?

थंडीतली_पहाट:
गेले तीन आठवडे रात्रभर हीटर लावून झोपतोय आणि सकाळी उठलं की घशाला नुसती कोरड, ओठ फुटलेत, दाराच्या कडीला हात लावला तरी स्थिर विजेचा चटका बसतो. हे सगळं चालवून घेतलं असतं पण माझ्या ६ वर्षांच्या मुलाचा घोळणा या आठवड्यात दोनदा फुटला, रात्री दोन वाजता उशीवर रक्त बघून माझेच हातपाय गार पडले. डॉक्टरांना दाखवलं, नाकाची आतली त्वचा सुकून तडकलीय म्हणाले, बाकी काही नाही. खोलीत पाण्याचं पातेलं ठेवून बघितलं, काडीचा फरक नाही. हीटर हवेतला ओलावा शोषून घेतो का? ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं मशीन) घ्यावा का, आणि कुठला?

आधी_मोजा:
पहिलं मुलाचं. परत फुटला तर मान मागे टाकायची नाही, रक्त घशात जातं. थोडं पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत १० मिनिटं सलग धरा, मध्ये सोडून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर सरळ डॉक्टर. झोपताना सलाइनचे थेंब चालतील का तेही विचारून घ्या.

आता हवेचं. इलेक्ट्रिक हीटर ओलावा शोषत नाही, पाणी तेवढंच राहतं, पण हवा गरम झाली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. ० अंशाला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २० अंशाला १७ ग्रॅम. म्हणजे बाहेरची पूर्ण दमट गार हवा आत येऊन तापली की आर्द्रता थेट २८ टक्क्यांवर येते. आणि ही हवा फटींतून रात्रभर येतच राहते, म्हणून पातेल्याचा उपयोग होत नाही, सकाळी पाणी जेमतेम उतरलेलं दिसतं. त्यापेक्षा धुतलेले कपडे खोलीत वाळत घाला, पसरलेल्या कापडातून पाणी कितीतरी जास्त उडतं. हीटर दोन-चार अंश कमी करा, खिडक्यांच्या फटी बुजवा. पण मशीन घ्यायच्या आधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर घ्या, छोटासा मिळतो. तो बरोबर दाखवतो का बघायचं तर झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी नुसतं ओलसर करा आणि मीटरसोबत बंद पिशवीत १०-१२ तास ठेवा, आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. खोलीत ४० ते ५० असलं की पुष्कळ झालं.

पांढरी_धूळ:
अल्ट्रासोनिक, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं उडवणारं मशीन घेणार असाल तर एक सांगते, आमच्याकडे नळाचं जड पाणी घातलं आणि आठवड्यात टीव्हीवर, पुस्तकांवर सगळीकडे पांढरी पावडर. पाण्यातले क्षार धुक्याबरोबर उडतात आणि तेच आपण श्वासात घेतो. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. नाहीतर ओल्या फिल्टरवर पंखा फिरतो तो प्रकार घ्या, त्यातून क्षार उडत नाहीत, फक्त फिल्टर वेळेवर बदलायचा. टाकी रोज रिकामी करून पुसायची आणि दर तीन दिवसांनी व्हिनेगरने धुवून नीट खळबळायची, मग कुठलाही प्रकार असो. शिळं पाणी टाकीत ठेवून मशीन चालवू नका, मूल झोपतं त्या खोलीत तर अजिबात नाही.

ओल_आली:
मी उलटी चूक केली म्हणून लिहितोय. रात्रभर मशीन फुल, सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं आणि मी खूश की हवा दमट झाली. महिन्याभराने कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी. बाहेरच्या बाजूची भिंत गार असते, वाफ तिथेच जाऊन बसते. काचेला पाणी धरलं की मशीन बंद करायचं. बायकोला दमा आहे, त्या बुरशीने तिला जो त्रास झाला तो कोरड्या हवेने कधीच झाला नव्हता.

थंडीतली_पहाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर आणला, मिठाची टेस्ट पण केली, ७४ आला. खोलीत बघितलं तर २४!! हीटर २५ वरून २० वर आणला, जाड पांघरूण घेतलं, तेवढ्यानेच ३१-३२ झालं, आणि खुर्चीवर दोन ओले टॉवेल टाकल्यावर पहाटे ४१. काचा कोरड्या होत्या, कपाटामागे टॉर्च मारून बघितलं, काही नाही. चार रात्री झाल्या, घोळणा फुटला नाही. मशीन सध्या घेत नाहीये. फक्त पहाटे चारनंतर टॉवेल सुकतात आणि आकडा परत खाली येतो, तेव्हा उठून ते पुन्हा भिजवतो.