मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी आता घ्यावी की हायड्रोजनची वाट पाहावी?

मंडळी, नाशिकहून सिन्नर एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन साधारण ६० किमी होतात. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं जवळपास ठरलंय, पण काकांनी मोडता घातलाय. "गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले होते ना? हायड्रोजन येतोय, थांब जरा!"

मी कागदावर गणित मांडलं. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन करायला ५०-५५ युनिट वीज लागते आणि त्यावर मिराईसारखी गाडी १०० किमीच्या आसपास जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर ३०० किमी सहज. शिवाय हायड्रोजन भरायला ७०० बारच्या (हवेच्या सुमारे ७०० पट) दाबाचे पंप आपल्याकडे टाकणार कोण? २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचे १९,७४४ कोटी तर मुख्यतः खत, रिफायनरी, पोलाद यांच्याकडे बघून आहेत, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

पण काकांचा दुसरा मुद्दा मला खोडता येत नाही: "तुझी वीज तरी कोळशाचीच ना?" नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आहेतच. टीओडी मीटरवर (वेळेनुसार विजेचा दर बदलतो तो) सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत मिळते, पण तेव्हा गाडी कंपनीत उभी!

कंपनीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवून घेतलाय का कुणी? वेगळा मीटर घेतला की कंपनीच्याच जोडणीवरून? बिल कसं वाटून घेता? आणि घरी चार्जर बसवायला सोसायटीने ना-हरकत पत्र अडवलं तर अर्ज कुणाकडे करायचा? (आमचे सेक्रेटरी "आग लागेल" एवढंच म्हणतात.)