अनुभव धागा: गुडघा बदलल्यावर घरातले पहिले सहा आठवडे

गुडघेबदलानंतर पेशंट साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतो आणि पुढचं सगळं घरच्यांवर येऊन पडतं. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांनी हे काम जवळून केलंय, त्यांनी लिहावं. कुठलं हॉस्पिटल चांगलं ही चर्चा इथे नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे बिघडतं, एवढंच लिहा.

फिजिओथेरपिस्ट, नौपाडा

भेटायला येणारा प्रत्येक जण "किती वाकतोय?" असं विचारतो. आधी विचारायला हवं, सरळ किती होतोय? गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर उभं राहताना मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, लंगडणं जात नाही आणि पुढे कंबर धरते. सर्रास दिसणारं कारण म्हणजे गुडघ्याखालची उशी. बरं वाटतं म्हणून घरचे मायेने ठेवतात आणि गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. ताण जाणवेल, तो हवाच आहे.

जागेपणी दर तासाला पावलं वरखाली २० वेळा. गुडघा गादीत दाबून ५ सेकंद धरायचा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. टाच घसरवत गुडघा वाकवणं १०-१५ वेळा. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की चादरीवर पाय अडत नाही. टाके निघेपर्यंत ९० अंश आणि सहा आठवड्यांत ११० च्या आसपास, हे ढोबळ लक्ष्य. ऑपरेशनआधीच गुडघा जेमतेम १०० वाकत असेल तर नंतर १३० ची अपेक्षा धरू नका. सहा आठवड्यांनीही ९० च्या आत अडकला असेल तर थांबू नका, सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांत जास्त लागू पडतो. पुढे आतला चिकटलेला भाग घट्ट होत जातो.

वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास द्या, नाहीतर दुखतंय म्हणून व्यायामच टळतो. नंतर बर्फ पंच्यात गुंडाळून १५-२० मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर वेळा कमी करा, व्यायाम बंद करू नका.

ऑर्थो वॉर्डातली परिचारिका, वाशी

तेल-मालीश करणाऱ्या बाईंना निदान पहिले काही आठवडे दूर ठेवा. पोटरीतल्या शिरेत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकाच पोटरीची सूज वाढत गेली, दाबल्यावर दुखलं, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर वाट न पाहता १०८ ला (रुग्णवाहिका) फोन. रक्त पातळ करणारी गोळी जितके दिवस लिहून दिली आहे तितके दिवस घ्यायचीच, आणि तिच्यासोबत मेडिकलमधून आणलेली दुसरी वेदनाशामक गोळी देऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

पट्टीवर सुरुवातीला थोडा डाग चालतो. पाच-सात दिवसांनंतरही ओल येत असेल तर सर्जनकडेच जा. इथे एक घोळ नेहमी होतो: जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू केलं जातं. मग सांध्यातलं पाणी तपासायला पाठवलं तरी जंतू अनेकदा सापडत नाहीत, आणि नेमकं कोणतं औषध द्यावं हेच कळत नाही.

गुडघा काही महिने कोमट लागणं, चालताना हलकी टकटक, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, यांना घाबरू नका. त्वचेची बारीक नस चीर देताना कापली जाते, म्हणून बधिरपणा. थोडा कायमही राहतो.

घरी शुश्रूषा करणारी, नेरूळ

ऑपरेशनच्या आधीच न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजा. सिडकोच्या जुन्या इमारतींत दारं अरुंद, वॉकर आडवा अडकतो. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची आधी आणून ठेवा. बेड आणि खुर्ची गुडघ्याच्या उंचीपेक्षा जराशी उंच हवी, खुर्चीला हात हवेत. पायपुसणी आणि मोबाईल चार्जरच्या वायरी वाटेतून काढा.

वॉकरची मूठ हात खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. उंच ठेवला तर खांदे दुखतात, बुटका ठेवला तर माणूस वाकून चालतो आणि गुडघाही वाकलेलाच राहतो. पावसाळ्यात पायांची रबरं तपासा; झिजली की ओल्या लादीवर सरकतात.

लिफ्ट नसेल तर जिन्यात वॉकर नको. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सोबतचा माणूस दोन्ही वेळा खालच्या बाजूला.

हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात काम करणारा, ठाणे

ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला कमाल मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती. पुढे आकडे बदलत गेले, म्हणून चालू दर विचारून घ्या. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे दिसले पाहिजेत. मांडीच्या हाडाची टोपी, नडगीवरची तबकडी, मधलं प्लास्टिक आणि बसवली असेल तर वाटीची चकती, प्रत्येकाचं स्टिकर असतं. त्यांचा फोटो काढून ठेवा. पंधरा वर्षांनी प्लास्टिक बदलायची वेळ आली तर सर्जनला मॉडेल आणि साइझ लागते.

फिजिओथेरपिस्ट, नौपाडा

खुबा बदलण्याबद्दलही कुणी विचारेल, म्हणून थोडक्यात. मागून चीर दिली असेल तर सर्जन सांगतील तितके आठवडे मांडी ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. कमोडवर उंचवटा बसवा.

आणि बाहेर पडण्याचं: काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात. ठाण्याच्या तलावपाळीला किंवा नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानात सकाळी लवकर जा, सपाट आणि मोकळं असतं. गाडीत बसताना पुढची सीट पूर्ण मागे, आधी बसायचं, मग दोन्ही पाय आत. शेअर रिक्षात तिघांत दाटून बसू नका, पाय लांब करता येत नाही.