हर्षीपार्क: आजीआजोबा आणि दोन मुलं, एका दिवसात होईल का?

रानजाई: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पुण्याहून सासूसासरे येताहेत आणि न्यू जर्सीहून सगळ्यांनी मिळून पेनसिल्व्हेनियात हर्षी चॉकलेटच्या गावातल्या हर्षीपार्क या करमणूक पार्कला जायचं म्हणतोय. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ चा. त्याला फक्त चॉकलेट बनताना बघायचंय, रोज झोपताना विचारतो की मशीनमधून बाहेर येताना ते गरम असतं का. तर खरी फॅक्टरी आतून बघता येते का? आणि आईंचे गुडघे दुखतात, त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवायचं माझ्या जिवावर येतंय.

उंबरठा: फॅक्टरी नाही बघता येत, मुलाला आत्ताच सांगून ठेवा. पूर्वी कारखान्यातच फिरवायचे पण गर्दी आवरेना, मग १९७३ मध्ये चॉकलेट वर्ल्ड उघडलं, पार्कच्या अगदी शेजारी. तिथे छोट्या गाडीत बसायचं आणि कोकोच्या बियांपासून बार तयार होईपर्यंत सगळं समोरून सरकत जातं, मध्ये गाणाऱ्या गायी, शेवटी हातात एक चॉकलेट. ही राइड फुकट आहे, पार्कचं तिकीटही लागत नाही. आमची लेक लागोपाठ तीनदा बसली, गायी आल्या की माझा दंड घट्ट धरायची. आई पण बसू शकतील, पायांना काही त्रास नाही.

पाऊलवाट: घरीच बूट घालून दोघांची उंची मोजून घ्या!! तिथे उंचीप्रमाणे चॉकलेट-गोळ्यांची नावं आहेत, ३६ ते ४२ इंच म्हणजे किसेस, ४२ ते ४८ रीसेस, ४८ ते ५४ हर्षीज. कॉमेट हा १९४६ चा लाकडी रोलरकोस्टर ४२ इंचाला चालतो पण कँडीमोनियम या दुसऱ्या रोलरकोस्टरला ५४ लागतात. आमचा मुलगा अर्ध्या इंचाने राहिला, पट्टीला टेकून टाचा उचलत होता, तिथल्या मुलीने प्रेमाने खांद्यावर हात ठेवून त्याला खाली केलं आणि मग जो रडला तो, अजून आठवलं की पोटात तुटतं. आधी माहीत असतं तर मी ती राइड त्याला दाखवलीच नसती.

जुनाझरा: आईंसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या, संकोच करू नका, पार्क चढउताराचा आहे. १९१९ सालचं कॅरोसेल म्हणजे मेरी-गो-राउंड आहे, आणि झूअमेरिका हे प्राणिसंग्रहालय त्याच तिकिटात येतं, तिथे सावलीही आहे. माझ्या वडिलांना मात्र सगळ्यात आवडला तो हर्षी चॉकलेट कंपनी काढणाऱ्या मिल्टन हर्षीचा इतिहास. कामगारांना सुट्टीला जागा हवी म्हणून १९०६ मध्ये त्याने हे पार्क काढलं, स्वतःला मूल नव्हतं तर १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा काढली आणि १९१८ मध्ये जवळजवळ सगळी संपत्ती त्या शाळेच्या नावे केली. बाबा संध्याकाळी चॉकलेट ॲव्हेन्यूवर उभे राहून किसेसच्या आकाराचे रस्त्यावरचे दिवे बघत होते आणि आम्हाला पुन्हा पुन्हा हेच सांगत होते. मुक्काम कराच, एका दिवसात सगळ्यांचीच दमछाक होते.

रानजाई: खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच मोजलं, मुलगी ४९, मुलगा बुटांसकट ४३. म्हणजे कॉमेटला चालेल ना तो? कँडीमोनियम तिला अजून नाही चालणार, तर बाबा तिला दुसऱ्या एखाद्या राइडला घेऊन जाईल आणि तेवढ्या वेळात मी, आई आणि हा गायी बघायला जाऊ. एक रात्र राहायचं ठरलं.

पाऊलवाट: हो चालेल, सोबत मोठं कुणीतरी बसा. बूट तेच घाला हं.