आलेमानिश फक्त स्वित्झर्लंडपुरती नाही
आलेमानिश हे जर्मन बोलींचं एक कुळ. 'आलेमानिश म्हणजेच स्विस जर्मन' असं कुणी म्हटलं, तर त्यात थोडी भर. जर्मनीतला ब्लॅक फॉरेस्टचा दक्षिण भाग, फ्रान्समधलं अल्सास, लिख्टेनश्टाइन, ऑस्ट्रियाचं फोरार्लबेर्ग हेही याच बोलीकुळातले. फोरार्लबेर्गहून आर्लबेर्गचा घाट ओलांडून ऑस्ट्रियाच्याच तिरोलमध्ये उतरलं की बव्हेरियन या दुसऱ्या जर्मन बोलीकुळातल्या बोली सुरू होतात. उलट सामनाउन हे गाव स्वित्झर्लंडमध्ये असूनही बव्हेरियन बोलतं! मला सगळ्यात नवल वाटतं ते व्हेनेझुएलातल्या कोलोनिया तोवारचं. १८४३ साली जर्मनीतल्या कायझरश्टूल भागातून गेलेल्या लोकांनी वसवलेल्या या डोंगरातल्या गावानं आपली आलेमानिश पिढ्यान् पिढ्या सांभाळली. स्वित्झर्लंडमध्ये टीव्हीवरचं हवामानसुद्धा बोलीत सांगतात. अल्सासमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर प्राथमिक शाळांतून जर्मन हटवली आणि घराघरांतली बोलीही ओसरत गेली, याची फार हळहळ वाटते.